‘माजी’ला चोवीस पुठ्ठे

अशोक चौकाच्या मागे, बोळात
मी जेकॉर्डचे पुठ्ठे ठोकतो.
ग्राफवर चौकोन, चौकोनाला भोक,
भोकातून सुई, सुईमागे धागा.
राजलिंग चिट्यालचं नाव मी असं लिहिलं,
भोकाभोकानं,
पेपरात यायच्या कितीतरी आधी.

पंच्याऐंशी साल. अपक्ष. चिन्ह शिलाई मशीन.
तेव्हा तो आमच्याच शेडमध्ये कांड्या भरायचा.
मागांच्या वर आवाज काढायची सवय,
शेजारी बसला तरी ओरडूनच बोलायचा,
कोपरासभेत त्याला माइक लागला नाही.
दोनशे टॉवेल, दहा नंबरचं सूत, उधारीवर.
माझं एक भोक चुकलं आणि ‘ट्य’ तुटला.
लोक चिलाल वाचायचे, चिताल वाचायचे.
बाराशे मतांनी पडला.
मी मान खाली घालून उभा, तर म्हणाला,
“पुढच्या खेपेला नीट मार बे.”

नव्वदला नीट मारला.
तिकीट मिळालं, गुलाल मिळाला,
आणि ‘आमदार’ किनारीत बसेना.
नाव टॉवेलात उभं जातं, अक्षर वाढलं की पुठ्ठे वाढतात.
अठ्ठेचाळीस लागले.
रात्रभर मी ते ठोकत होतो,
बाहेर तेलुगूत, कन्नडात, मराठीत, उर्दूत
लोक त्याला हाका मारत होते.
त्याची आई दारात बसून विड्या वळत होती,
हजार पुरे व्हायचे होते तिचे.

काय केलं त्यानं?
विडी वस्तीत एक दवाखाना, अजून उघडतो.
दोन बोअर. एक चालतो,
एक उद्घाटनापुरता चालला.
आणि रोज पाणी.
ते त्यानं पाच वेळा दिलं, भाषणात.

पंच्याण्णवला परत आला.
नव्व्याण्णवला पक्ष बदलला; गावात काय गहजब!
मला विचारा.
मधले साठ पुठ्ठे काढायचे,
साठ नवे ओवायचे. दोरी तीच,
किनार तीच, नाव तेच.
दुपारच्या चहाआधी माग सुरू.
जुन्या चिन्हाचे चारशे नग उरले, तेवढी अडचण.
ते रातोरात टेम्पोनं हैदराबादकडे गेले,
कुठल्या लॉजवर म्हणे,
तिथं अंग पुसताना कुणी मराठी वाचत नाही.

दोन हजार चार. तीनशे अकरा मतं कमी.
मोजणी परत मागितली, तर तीनशे चौदा कमी.
महिन्याभरानं पुतण्या आला,
काकांच्या वाढदिवसाला टॉवेल-टोपी वाटायचीय,
नावामागं काय लिहायचं ते बोलेना.
मीच ग्राफ काढला.
‘माजी’ला चोवीसच लागले.
आखूड शब्द आहे,
आणि मागातून आधी तोच बाहेर येतो.
त्या मालाचं बिल अजून येणं आहे.

नऊ साली तो शेवटचा उभा राहिला.
तेव्हा डिजिटल बोर्ड आले होते,
चौकात चेहराच वीस फुटी,
सूत कुणाला हवंय!
डिपॉझिट गेलं, हे मला पानटपरीवर कळलं.

परवा पहाटे तीनला नळ आला, पाचव्या दिवशी.
बोळात सगळ्यांचे बॅरल.
लुंगीवर कुणीतरी येताना दिसलं,
जवळ आल्यावर ओळखलं.
“आमच्याकडे थेंब नाही. तुमच्याकडे कितीला आलं?”
आवाज तसाच, चार घरं जागी झाली.
खांद्यावर टॉवेल. झिजून जाळी झालेला,
शिलाई मशीन ओळखू येत नव्हतं,
तुटका ‘ट्य’ मात्र येत होता.
मी तिकडं बघितलं, त्यानं बघताना बघितलं.
बिलाचं तोही बोलला नाही, मीही नाही.

माझा बॅरल भरत आला
तशी त्यानं न विचारता पाइप उचलली,
अंगठ्यानं तोंड दाबून धरलं,
आणि बंद मागांच्या त्या बोळात
सगळे माग चालू असल्यासारखा ओरडला,
“पुढचा बॅरल कुणाचा?”